याले पगार भेटते काय?

दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. आठ एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इतिहास आणि मराठी घेऊन. तिच्या आजोबांचं गावात भजनाचं आणि दंडारीचं, म्हणजे विदर्भातल्या लोकनाट्याचं, मंडळ होतं. ते गेल्यावर पत्र्याच्या पेटीत ६३ कॅसेटी निघाल्या. तेव्हापासून पोरगी स्कॉलरशिपच्या पैशातून घेतलेलं छोटं रेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर बसलेली असते आणि 'मौखिक इतिहासात करिअर करायचं' म्हणते. एमपीएससीची पुस्तकं तशीच पडली आहेत. त्यात नागपूरच्या कुणीतरी अख्ख्या पेटीचे पाच हजार देऊ केले आहेत. वडिलांनी शेवटी लिहिलंय, "सर, बाकी राहू द्या, याले पगार भेटते काय आन् पेटी द्याची का नाही, तेवढं सांगा."

नमस्कार भाऊ,

आधी पगाराचं. भेटते. पण तुमची मुलगी आज जे करते आहे त्याला नाही.

म्हाताऱ्यांपुढे मोबाईल धरून आवाज साठवणारे आता गावोगावी आहेत. यूट्यूबवाले आहेत, पत्रकार आहेत, हौशी आहेत. त्या आवाजाचं पुढे काय करायचं हे जाणणारा माणूस मात्र शोधावा लागतो. तुमच्याच धंद्यातलं घ्या. कापूस वेचून घरात आणला, ढीग लावला, म्हणजे गठाण झाली नाही. सरकी वेगळी व्हायची, रुई दाबायची, गठाणीवर नंबर पडायचा, तेव्हा कुठं गिरणीवाला हात लावतो. मुलीनं वेचणी सुरू केली आहे. पगार आहे तो जिनिंगपासून पुढे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९४ साली मी कॉलेजात होतो तेव्हा आम्ही काही मुलांनी एक प्रकल्प केला होता. १९३० साली लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तो डोळ्यांनी पाहिलेली माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. एका आजोबांना आम्ही टू-इन-वनवर दोन तास रेकॉर्ड केलं. गवत कापायला विळा कुठून आणला, मायनं दशमी कशात बांधून दिली, शिपाई आले तेव्हा गर्दीतला कोण आधी पळाला, सगळं. कॅसेटवर आम्ही काय लिहिलं असेल? 'म्हातारा १' आणि 'म्हातारा २'. दोन्ही कॉलेजच्या कपाटात ठेवल्या. तीन वर्षांनी परत गेलो तर 'म्हातारा २' वर स्नेहसंमेलनातली डान्सची गाणी भरलेली. गाणं संपतं, खट्कन आवाज येतो आणि आजोबा म्हणतात, "...आन् मंग आमी रात्री पायीच घरी आलो." मग खोकला. त्या कॅसेटवरची शेवटची चार मिनिटं उरली. आजोबा तोवर वारले होते.

चूक गाणी भरणाऱ्या पोरांची नव्हती. त्या कॅसेटवर काय आहे हे त्यांना कळायला आम्ही काहीच ठेवलं नव्हतं. आणि कॅसेटच्या वरच्या कडेला, मागच्या बाजूनं, प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात ना, ते मोडले की तिच्यावर पुन्हा भरता येत नाही. दहा सेकंदांचं काम, तेही केलं नव्हतं. तुमच्या पेटीतल्या ६३ च्या ६३ कॅसेटींचे ते तुकडे आज रात्रीच पेनाच्या टोकानं मोडून टाका. बाकीचं पत्र उद्या वाचलं तरी चालेल.

आता पेटीचं. देऊ नका. तो माणूस फसवा आहे असं मी म्हणत नाही, खरा रसिकही असेल. पण पेटी गेली की कॅसेटी गेल्या, आणि कॅसेटींबरोबर कुठल्या कागदावर तुमची सही घेतली जाते तेही तुम्हाला पुढे आठवणार नाही. वस्तू विकणं वेगळं आणि आवाजाचा हक्क देणं वेगळं. आपल्या कॉपीराइटच्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं राहतो, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा म्हणून वेगळा हक्क असतो, तो ५० वर्षांचा. पारंपरिक ओवी कुणा एकाच्या मालकीची नसते, पण तुमच्या वडलांनी भरलेली टेप ही त्यांची मेहनत आहे आणि तिच्यात मंडळातल्या दहा-बारा जणांचे गळे आहेत. त्यांच्या घरच्यांना न विचारता ती विकायची तुम्हाला तरी मुभा आहे का, याचा विचार करा. त्या गृहस्थांना ऐकायचंच असेल तर पुढे नक्कल देता येईल, लेखी अटींवर. मूळ टेप घराबाहेर जाऊ द्यायची नाही.

ती घरात ठेवायची कुठं हाही प्रश्न आहेच. पेटी माळ्यावर आहे असं लिहिलंत. वर टिनपत्रे असतील तर मे महिन्यात तिथं काय होतं ते मी सांगायला नको. उन्हानं पट्टी वाकते आणि पावसाळ्यात ओल धरून बुरशी चढते. घरातली सगळ्यात थंड, कोरडी खोली बघा. कॅसेटी आडव्या थप्पीत नको, पुस्तकासारख्या उभ्या लावा. स्पीकर, मिक्सर, पंपाची मोटर यांच्यापासून लांब. कुठल्या कॅसेटीत पट्टीच्या कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वाजवायची नाही, वेगळी काढून ठेवायची, नाहीतर टेपच्या हेडवरून ती बाकीच्या साऱ्या कॅसेटींना लागते.

मुलीला माझ्याकडे पाठवाल तेव्हा पुढचं तिला समजावीनच, पण तुम्हीही ऐकून ठेवा, कारण पगाराचं काम हेच आहे. युनेस्कोनं २०१९ मध्ये जगभर इशारा दिला की चुंबकीय टेपवरचे आवाज २०२५ पर्यंत उतरवून घ्या, पुढे ते अवघड होत जाईल. टेपा सडतात हे एक कारण, पण त्या वाजवणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग संपत चालले हे त्याहून मोठं. २०२५ तर गेलंही, म्हणजे घाई आहे. तरी गडबड करायची नाही. चांगला टेप डेक मिळवायचा, हेड स्पिरिटनं पुसायचं, अगोदर बिनकामाची एखादी कॅसेट लावून यंत्र पट्टी खातं का ते बघायचं. डेकमधून वायर थेट कॉम्प्युटरला जोडायची. स्पीकरसमोर मोबाईल धरून केलेली नक्कल म्हणजे फोटोचा फोटो. फाईल 'वेव्ह' प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर साठवायची. या हिशोबानं तासाला साधारण एक जीबी जागा लागते. तुमच्या सगळ्या कॅसेटी नव्वदच्या धरल्या तरी ९५ तास भरतात, म्हणजे शंभर जीबीच्या आत. रोज दोन तास बसली तर दीड महिना. टेप जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ उतरवायला लागतो, तिथं शॉर्टकट नाही.

खरखर काढून टाकायचा मोह होईल. पहिल्या प्रतीत काढू नये. आज आपल्याला खरखर वाटते तिच्यात कधी कधी मागं ओरडणारा कोंबडा असतो, जात्याची घरघर असते, आणि तेच पन्नास वर्षांनी कुणाला हवं असतं. साफ केलेली एमपी-थ्री वेगळी करा, लोकांना ऐकवायला. आणि एका जागी एकच प्रत कधीही ठेवायची नाही. एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी, मामाच्या घरी म्हणा.

ही गोष्ट आपल्या वऱ्हाडाला नवीन नाही. रिद्धपूर तुमच्यापासून काही फार लांब नाही. तेराव्या शतकात तिथं म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या आठवणी त्यांच्याबरोबर राहिलेल्या माणसांना विचारून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. एकाच प्रसंगाची दोन माणसं दोन तऱ्हांनी सांगत असतील तर तसं नोंदवलं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे मुळात मौखिक इतिहासच, तोही वऱ्हाडातला. आणि परंपरा असं सांगते की त्याची मूळ प्रत धामधुमीत गेली, मग शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. तेव्हाच्या माणसांना अख्खा ग्रंथ पाठ असायचा. आपल्याला स्वतःच्या बायकोचा फोन नंबर पाठ नसतो, म्हणून तीन प्रती.

आवाज उतरवला की नोंद. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथं आहे. ग्रंथालयात दाखल नोंद रजिस्टर असतं तशी वही घाला. कॅसेटला क्रमांक १ ते ६३, बाजू अ आणि ब, तोच क्रमांक फाईलच्या नावात. मग कुठल्या मिनिटाला काय आहे: कोण गातं, कोण वाजवतं, कुठल्या गावी, कुठल्या निमित्तानं, अंदाजे साल कोणतं, बोली कोणती. माहीत नसेल तिथं 'माहीत नाही' असं लिहायचं, अंदाज ठोकायचा नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, त्या एक लाखाच्या वर गेल्या. लाखभर ओव्या नुसत्या जमवल्या असत्या तर गोदाम झालं असतं. त्यांनी त्या गाव, गाणारी बाई आणि विषय यांप्रमाणे लावल्या, म्हणून आज कुणी सासुरवाशिणीच्या ओव्या मागितल्या तर काढून दाखवता येतात.

तुमच्या मुलीनं मला व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांचा एक तुकडा पाठवला आहे, तुम्हाला माहीत नसेल. एक आजी शकुंतला गाडीबद्दल, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या जुन्या छोट्या रेल्वेबद्दल, सांगताहेत. मोतीबागेच्या स्टेशनावर कापसाच्या गठाणी कशा चढायच्या, गाडी इतकी हळू की पोरं खाली उतरून पुन्हा चढायची. आजी झकास बोलतात. पण डोक्यावर पंखा घरघरतो आहे. आणि दुसऱ्या मिनिटाला आजी म्हणतात, "त्याच गाडीनं माह्या भावाले नेलं..." आणि थांबतात. तिथं तुमची मुलगी पटकन विचारते, "आजी, तेव्हा तिकीट किती होतं?" आजींनी तिकिटाचं सांगितलं. भावाचं राहून गेलं. तिला रागावू नका, सुरुवातीला सगळ्यांचं हेच होतं, माझंही झालं. समोरचा थांबला की आपण मनात दहापर्यंत मोजायचं. पंखा बंद करायचा, घाम आला तर येऊ द्यायचा. सुरुवातीला आपल्याच आवाजात तारीख, गाव, समोरच्याचं नाव सांगायचं आणि विचारायचं, हे मी साठवून ठेवू का, दुसऱ्यांना ऐकवू का? सही येत नसेल तर त्यांचं 'हो' टेपवर असलं तरी पुरतं. आणि कुणी म्हणालं की हे माझ्या माघारी ऐकव, तर तसं वहीत लिहून ती फाईल बंद ठेवायची. गावात राहायचं आहे, भाऊ. शेताच्या बांधाची भांडणं, कुणाचं लग्न कसं मोडलं, सगळं त्या बोलण्यात येतं.

आणि तो तुकडा पुन्हा पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणावं, नाहीतर आवाज दाबून येतो.

"जुन्या बाया-माणसांच्या गप्पा, पुस्तकात तर सगळं आहेच" असंही तुम्ही लिहिलंय. नाही हो. तारखा पुस्तकात असतात, आणि म्हातारी माणसं तारखा चुकतात हेही खरं. एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायची योजना, १९७२ साली सुरू झाली हे मी तुम्हाला बसल्याजागी सांगीन. पण खरेदी केंद्राबाहेर बैलगाडीखाली किती रात्री काढल्या, ग्रेडर बोंडाला हात लावताना काय म्हणायचा, चुकारा हातात पडायच्या आधी घरात काय गहाण पडलं, हे तुमच्या वडलांच्या पिढीलाच ठाऊक. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर पायी गेलेला पंधरा वर्षांचा पोरगा आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. गाडगेबाबांचं घ्या. शेणगावचा हा माणूस आयुष्यभर बोलत हिंडला. १९५६ साली, जायच्या थोडेच दिवस आधी, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातलं त्यांचं कीर्तन कुणीतरी टेप केलं, म्हणून ते प्रश्न कसे विचारायचे आणि समोरच्या लोकांकडून उत्तर कसं काढून घ्यायचे ते आपल्याला कानानं कळतं. कागदावर तो हेल येत नाही. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलतात. ती कुठल्याच भाषाकुळात बसत नाही आणि बोलणारे काही हजारही नीट भरत नाहीत. मेळघाटात कोरकू आहे, तुमच्याच जिल्ह्यात कोलामी आहे. तुमच्या मुलीला शेजारच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जायला एसटीसुद्धा लागत नाही. दिल्लीच्या संशोधकाला ती सोय नाही.

आता भाकरीचं बोलू. साफ सांगतो, 'मौखिक इतिहासकार पाहिजे' अशी जाहिरात तुम्हाला वर्षातून एखादी दिसेल, तीही बंगळुरूची किंवा मुंबईची. सरकारी पुराभिलेख विभाग, आकाशवाणी, विद्यापीठं, संग्रहालयं इथं थोड्या जागा असतात आणि त्यांनाही वर्षानुवर्षं कुलूप असतं. खासगीत गोदरेज, टाटा यांसारख्या जुन्या कंपन्यांनी स्वतःची अभिलेखागारं केली आहेत, तिथं माणसं लागतात. बंगळुरूच्या एनसीबीएस या विज्ञान संस्थेनं २०१९ मध्ये अर्काइव्ह उघडलं. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताचं ध्वनिसंग्रहालय आहे, ते १९८२ मध्ये सुरू झालं. आणि एक नवीन दार उघडलं आहे: कॉम्प्युटरला भारतीय भाषा शिकवायची कामं. केंद्राची 'भाषिणी' २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून बोलीतले आवाज नीट गोळा करणारे आणि ऐकून अचूक लिहून काढणारे लोक लागताहेत. वऱ्हाडी ऐकून 'मले' ला 'मला' न करता लिहिणारा माणूस पुण्यात सापडत नाही. एका तासाच्या बोलण्याला लिहायला सहा-सात तास सहज लागतात, त्यामुळे काम पुष्कळ असतं. पण बहुतेक जागा प्रकल्पावरच्या, वर्ष-दोन वर्षांच्या, मानधन कधी वेळेवर कधी नाही. त्या भरवशावर घर चालवू नका.

म्हणून माझा सल्ला असा. बी.ए. नीट पूर्ण करू द्या. त्यानंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी, बी.लिब. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केली तर गाव सोडावं लागत नाही. ही पदवी भाकरी आहे, कारण ग्रंथपालाच्या जागा शाळांत, सार्वजनिक वाचनालयांत आणि सरकारी कार्यालयांत निघतात. शिवाय नोंद, वर्गीकरण, जतन हे सगळं तिथं शिकवतातच. त्याच्या जोडीनं इतिहासात एम.ए. मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा, त्याला एम.ए. लागतं. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत बघायच्या, माझ्या किंवा कुणाच्या तोंडी शब्दावर जायचं नाही. तिचा कल बोलीकडे जास्त दिसला तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र आहे. त्यांनी मराठी बोलींचं सर्वेक्षण आवाजासकट केलं आहे, ते तिनं आत्ताच नेटवर ऐकावं.

एमपीएससीचं काय? द्यायची असेल तर देऊ द्या, पण किती वर्षं ते आज ठरवा आणि कागदावर लिहा. माझ्याकडे तिशी ओलांडलेली मुलं येतात, 'यंदा नक्की' म्हणत. त्यांच्याकडे दाखवायला दुसरं काहीच नसतं. तुमच्या मुलीकडे वर्षभरानं ६३ कॅसेटींचा नीट लावलेला संग्रह असेल, नोंदवहीसकट. मुलाखतीत टेबलावर ठेवायला तेवढं पुष्कळ आहे. पंचवीस रेकॉर्डिंगं मोबाईलमध्ये घेऊन येणारे उमेदवार मी पाहिले आहेत. 'ही मुलाखत कधीची?' असं विचारलं की स्क्रीनवर बोट फिरवत बसतात.

एक काम मात्र तिच्यानं होणार नाही. कॅसेट लावली की कुणाचा गळा आणि कुणाची ढोलकी हे तिला कसं कळावं? मंडळातले बरेचसे गेले असं तुम्हीच लिहिलंय. दंडारीत बाईचं सोंग कोण घ्यायचं, खंजिरी कोण धरायचं, मध्येच हसतं ते कोण, हे ओळखणारे आता तुम्ही आणि असलाच तर गावातला आणखी एखादा. वडील गेल्यापासून त्यांचा आवाज ऐकायचा धीर झाला नाही, असंही पत्रात आहे. तर पहिली कॅसेट उतरवायची त्या रात्री तुम्ही तिच्याजवळ बसा. ऐकवलं नाही तर थांबवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. वही तुम्ही धरा, नावं तुम्ही लिहा.

कापूस घरी आला की दोघं या. येताना वही आणि कॅसेट क्रमांक १ तेवढी आणा, पेटी आणू नका. एसटीत उन्हाची बाजू सोडून बसा.